ज्याने त्याने आपल्या दारचे सांगावे

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने आपण खोटे बोललो याची कबुली द्यावी, यात नवल ते काय? खोटे बोलणे हा त्याचा जोडधंदाच असतो. पण माझे एक खोटे कागदावरचे नव्हते. ते मी २६ जुलै २००५ च्या रात्री, कोपरखैरण्याच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात बोललो. आणि गंमत अशी की, बोलताना ते मला पुरते खरे वाटत होते.

त्या दिवशी मुंबईवर आणि आमच्या नव्या मुंबईवर आभाळ फाटले होते. वीज गेलेली, फोन मुके झालेले, गाड्या जागच्या जागी उभ्या. दुपारी मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मेणबत्त्या आणायला गेलो आणि पैसे देता देता सहज म्हणालो, "असाच पडत राहिला तर वरचे धरणसुद्धा भरून वाहील हो!" तो "खरंच की" म्हणाला. एवढेच बोलणे. रात्री दहाच्या सुमारास मागल्या आळीतला एक पोरगा धावत आला. "मास्तर, धरण फुटलं! वाण्याच्या दुकानावर सगळे सांगताहेत!" मी मनात म्हटले, पाहा, दुपारी आपल्याला शंका आली होतीच; आता दुसऱ्या तोंडूनही तेच येते आहे, म्हणजे खरेच असले पाहिजे. मी दारे बडवीत सुटलो. भर पावसात सारी बिऱ्हाडे लेकराबाळांसकट गच्चीवर चढली. त्या धांदलीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. पुढे त्या हाताने त्यांना पोळी लाटता आली नाही.

कोठलेच धरण फुटले नव्हते. चौथ्या दिवशी वाण्याला मी जाब विचारला, तेव्हा तो बिचारा माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. "मास्तर, धरणाचं मला तर तुम्हीच सांगितलंत की!"

माझेच वाक्य गावभर फिरून, वाटेत अंगाने भरून, साक्षीदार होऊन माझ्याकडे परत आले होते, आणि मी त्याला ओळखले नव्हते. त्याच आठवड्यात, २८ जुलैच्या रात्री, जुहूच्या नेहरूनगरात अशाच हुलीने चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनाला लागून राहिला. मोठ्या वस्तीत, जेथे कोणालाच सारे दिसत नाही, तेथे खबर पसरावी तरी कशी? कोणाचे म्हणून खरे मानावे?

या प्रश्नाचे उत्तर यंदा दसऱ्याला मला सोने द्यायला आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिले. हा मुलगा महाप्याच्या बाजूला, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या बिनखिडक्यांच्या एका अवाढव्य इमारतीत रात्रपाळी करतो. तेथे रात्रंदिवस यंत्रे गुणगुणत असतात आणि आपली पत्रे, चित्रे, पैशांचे व्यवहार त्यांतून वाहत असतात. "तू तिथे नेमकं राखतोस काय?" मी विचारले. "वाटा, सर," तो म्हणाला. "आमच्याकडे राउटर नावाची यंत्रं असतात. ज्या चौकात अनेक तारा मिळतात त्या चौकातली ती चौकी. आलेलं पाकीट पुढं कुठल्या तारेवर सोडायचं, एवढंच तिनं ठरवायचं." मी त्याला माझी वाण्याची गोष्ट सांगितली. तो आधी हसला, मग गंभीर झाला. "सर, हा रोग आमच्या यंत्रांनाही झाला होता. त्यावर औषध शोधायला माणसांना दहा वर्षं लागली."

मॅट्रिकच्या गणितावर जेवढे उमजेल तेवढे मी मग उमजून घेतले. ती हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकण्यासारखी आहे.

पण त्याआधी आपल्याच घरातले एक जुने उदाहरण आठवावे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज बुडाली. पुण्याकडे येणारी बातमीची वाट युद्धापूर्वीच तुटली होती. नानासाहेब पेशव्यांना माळव्यात दहाएक दिवसांनी वृत्त कळले, ते सावकारी पत्र घेऊन निघालेल्या जासुदामुळे. आपल्या चौक्या मुक्या झाल्यावर परक्याच्या पत्रावर विसंबण्याची पाळी आली. सदाशिवरावभाऊ पडले हे छातीवर हात ठेवून सांगणारा कोणी नव्हता. मग एकाने दुसऱ्याचे ऐकले, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले, आणि भाऊ जिवंत आहेत ही आशा वर्षानुवर्षे जिवंत राहिली. पार्वतीबाईंनी १७८३ साली आपल्या मरणापर्यंत वैधव्य पत्करले नाही. या आशेच्या आधारावरच एक तोतया उभा राहिला. १७७६ साली कोकणातले कित्येक किल्ले त्याच्या हाती गेले, आणि त्याच साली त्याला देहांत शिक्षा झाली. ऐकीव खबरीवर चालणाऱ्या राज्याला पंधरा वर्षांपूर्वीच्या मृत्यूची खात्री करून घेण्यासाठी पुन्हा रक्त सांडावे लागले.

आता सातासमुद्रापलीकडे जाऊ. १९६९ साली अमेरिकेत चार विद्यासंस्थांची गणकयंत्रे तारांनी जोडली गेली. त्या जाळ्याचे नाव अर्पानेट. प्रत्येक ठिकाणी कपाटाएवढी एक चौकी बसवली होती. या चौक्या वाट कशी ठरवीत? अगदी आमच्या वाण्याच्या दुकानासारखी. प्रत्येक चौकीपाशी एक तक्ता असे, 'अमक्या गावाला माझ्याकडून इतका वेळ लागतो' असा. दर दोन-तृतीयांश सेकंदाला ती आपला तक्ता शेजारणीला दाखवी. शेजारीण त्यात आपल्या दोघींमधले अंतर मिळवी आणि आपला तक्ता सुधारी. प्रत्यक्ष पाहिलेले थोडे, शेजारणीकडून ऐकलेले फार.

सुखाच्या दिवसांत ही रीत उत्तम चाले. नवी तार जोडली की चांगली बातमी भराभर पसरे. पण तार तुटली की पंचाईत. समजा, वाशीहून मानखुर्दला जाणारा पूल बंद पडला. वाशी तुर्भ्याला विचारते, "तुला मानखुर्दची वाट ठाऊक आहे का?" तुर्भे म्हणते, "आहे तर! दहा मिनिटांची." ती वाट वाशीवरूनच जाते, हे तुर्भ्याच्या तक्त्यात लिहिलेले नसते. वाशी म्हणते, "मग माझ्याकडून पंधरा." ते ऐकून तुर्भे म्हणते, "तर माझ्याकडून वीस." वाशी म्हणते, "पंचवीस." अशा या दोघी एकमेकींच्या शब्दावर विश्वास ठेवून अंतर वाढवीत बसतात, आणि बिचारी पाकिटे दोघींच्या मध्ये हेलपाटे घालतात. जाणकारांनी या रोगाचे नाव ठेवले 'अनंतापर्यंत मोजणे'. मी आणि वाणी दुसरे काय करीत होतो?

याहून भयंकर प्रकारही झाला. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी हार्वर्ड विद्यापीठातल्या चौकीची स्मृती बिघडली आणि तिच्या तक्त्यात सर्वत्र शून्ये उमटली. म्हणजे काय? 'कोठेही जायचे असो, माझ्याकडून अंतर शून्य!' शेजारणींनी ते खरे मानले, त्यांच्या शेजारणींनी त्यांचे मानले, आणि साऱ्या जाळ्यातली पाकिटे हार्वर्डकडे धावून तेथे गडप होऊ लागली. एका चौकीचे खोटे साऱ्या गावाचे खोटे झाले, कारण जी ती दुसरीचे ऐकून आपले म्हणून सांगत होती.

१९७९ साली बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या मंडळींच्या कंपनीतील जॉन मॅकक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन या तिघांनी ही रीतच बदलून टाकली. नवी रीत ऐकायला इतकी साधी आहे की, शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहावी. जिने तिने आपल्या दारचे तेवढेच सांगावे. पण ते सर्वांना सांगावे. आणि दुसरीचे सांगणे पुढे देताना त्यात काना-मात्रेचा फरक करू नये.

पुन्हा आमच्या गावी येऊन पाहू. आता वाशीची चौकी एवढेच लिहील: 'माझ्या दारातून मानखुर्दला आठ मिनिटे, तुर्भ्याला पाच.' ऐरोलीची लिहील: 'माझ्या दारातून मुलुंडला सात मिनिटे, रबाळ्याला चार.' दादरला किती वेळ लागतो याविषयी दोघीही चकार शब्द काढणार नाहीत. ते त्यांनी पाहिलेले नाही. ही चिठ्ठी चौकी आपल्या सर्व शेजारणींना देते. प्रत्येक शेजारीण तिची नक्कल ठेवून घेते आणि जिच्याकडून आली तिला सोडून बाकी सर्वांना जशीच्या तशी देते. पुराचे पाणी जसे घराघरांत शिरते, तशी चिठ्ठी क्षणात जाळेभर होते. या क्रियेला इंग्रजीत नावही पुराचेच दिले आहे. एकच चिठ्ठी दोन वाटांनी आली तर? म्हणून तिच्यावर अनुक्रमांक असतो. पाहिलेला क्रमांक पुन्हा आला की चिठ्ठी बाजूला टाकायची.

अशा साऱ्या चिठ्ठ्या जमल्या की प्रत्येक चौकीपाशी साऱ्या मुलखाचा एकच नकाशा तयार होतो. मग कोणाला वाट विचारायची गरज नाही. नकाशा पाहून जी ती आपली आपण वाट काढते. वाशीचा पूल बंद पडला तर वाशी आणि मानखुर्द एवढेच सांगतात की, आमच्यामधला दुवा तुटला. लगेच प्रत्येक चौकी आपल्या नकाशावरचा तो दुवा खोडते आणि ऐरोलीवरून, नाहीतर २०२४ च्या जानेवारीत खुल्या झालेल्या अटल सेतूवरून वाट आखते. वाशी आणि तुर्भे आता एकमेकींना फसवू शकत नाहीत, कारण निष्कर्ष कोणी कोणाला सांगतच नाही. सांगायचे ते फक्त डोळ्यांनी पाहिलेले.

नकाशावरून सर्वांत जवळची वाट काढण्याची युक्ती तयार होती. तिची जन्मकथा मोठी रम्य आहे. १९५६ साली एड्सगर डाइक्स्ट्रा हा हॉलंडातला तरुण गणिती ॲमस्टरडॅममध्ये आपल्या वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला हिंडत होता. पाय दुखले म्हणून दोघे एका उपाहारगृहाच्या ओट्यावर कॉफी प्यायला बसली. तेथे कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत, त्याने ही रीत मनातल्या मनात जुळवली. त्याच्या संस्थेतले नवे गणकयंत्र लोकांना दाखवायचे होते, त्यासाठी हॉलंडातल्या ६४ गावांच्या नकाशावर जवळची वाट काढणारे उदाहरण त्याला हवे होते. १९५९ साली ती युक्ती तीन पानांच्या लेखात छापली गेली, आणि वीस वर्षांनी अर्पानेटच्या प्रत्येक चौकीत कामाला लागली.

येथे गोष्ट संपली असती तर ती बोधकथा झाली असती. पण इतिहासाला बोधकथेची घाई नसते.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट एकाएकी बंद पडले. एक चौकी नव्हे, सारे जाळे, आणि तेही कित्येक तास. कारण काय, तर एका चिठ्ठीवरचा अनुक्रमांक! हे अनुक्रमांक ० ते ६३ एवढेच होते. ६३ नंतर पुन्हा ०, घड्याळातल्या बारानंतर एक येतो तसे. मग दोन चिठ्ठ्यांतली नवी कोणती? वर्तुळावर बत्तीस घरांपर्यंत जी पुढे असेल ती नवी, असा नियम होता. त्या दिवशी एका चौकीच्या स्मृतीतून आकडे गळू लागले. ४४ म्हणजे बत्तीस, आठ आणि चार. त्यातला चाराचा गडी गळाला, राहिले ४०. पुढे बत्तिसाचाही गळाला, राहिले ८. एकाच चौकीच्या नावाच्या तीन चिठ्ठ्या जाळ्यात फिरू लागल्या: ८, ४० आणि ४४.

आता वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे. ८ पेक्षा ४० नवी, कारण ती बत्तीस घरे पुढे. ४० पेक्षा ४४ नवी, चार घरे पुढे. आणि ४४ पेक्षा ८ नवी, कारण वर्तुळाला वळसा घालून ती अठ्ठावीस घरे पुढे! तिघीही एकमेकींहून नव्या. प्रत्येक चौकी आलेली चिठ्ठी नवी मानून नक्कल करी आणि सर्वांना वाटे. तोच तिच्याहून 'नवी' येई. जुन्या चिठ्ठ्या वय होऊन मराव्यात अशी तजवीज केलेली होती, पण वय मोजले जाण्याइतका वेळही त्या कोठे थांबत नव्हत्या. चौक्यांचा सारा वेळ या तीन चिठ्ठ्यांतच जाऊ लागला. खऱ्या टपालाला कोणी विचारीना. शेवटी कारभाऱ्यांनी प्रत्येक चौकीला हुकूम दिला की, त्या एका चौकीच्या नावाची चिठ्ठी आली तर दुर्लक्ष कर. तेव्हा कोठे पूर ओसरला. पुढच्याच वर्षी रोझेनने या नामुष्कीचा साद्यंत अहवाल लिहिला आणि तो कोणालाही वाचता येईल असा प्रसिद्ध केला. आपल्या दारचे सांगावे ही रीत ज्यांनी घालून दिली त्यांपैकी एकाने, आपल्या दारची नाचक्कीही सर्वांना सांगितली. मला या साऱ्या कथेत हा भाग फार मोठा वाटतो.

त्या अहवालाचे चीज झाले. १९८३ साली रेडिया पर्लमन या विदुषीने दाखवून दिले की, अनुक्रमांक वर्तुळात फिरवायचेच नाहीत. इतके मोठे आकडे घ्यायचे की ते संपणारच नाहीत. आणि प्रत्येक चिठ्ठीचे वय असे मोजायचे की ती कोणत्याही परिस्थितीत कधीतरी मेलीच पाहिजे. म्हणजे जाळ्यात कितीही खोटे शिरले तरी, खोटे बोलणारे यंत्र दूर करताच ते आपोआप निवळते. या विचारांवर पुढे दोन पद्धती उभ्या राहिल्या, आयएस-आयएस आणि ओएसपीएफ. दुसरीचा पहिला मसुदा जॉन मॉय यांनी १९८९ साली मांडला, सुधारलेली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि आज रूढ असलेले तिचे कलम १९९८ चे आहे.

या ओएसपीएफची दिनचर्या माझ्या विद्यार्थ्याने सांगितली, ती एखाद्या नेटक्या गृहिणीची वाटावी. सर्वसाधारणपणे दर दहा सेकंदांनी प्रत्येक चौकी शेजारणीला नुसती हाक देते, 'आहेस ना?' चाळीस सेकंद उत्तर आले नाही तर दुवा तुटला असे समजून तसे जाहीर करते. काही बदलले नाही तरी दर अर्ध्या तासाने आपली चिठ्ठी ताज्या क्रमांकाने पुन्हा पाठवते. आणि जिच्या चिठ्ठीला तास उलटला, तिचे बोलणे शिळे म्हणून सर्वांच्या वहीतून पुसले जाते. चौक्या फार झाल्या तर त्यांचे विभाग पाडतात. आत प्रत्येकीची बारीक खबर. बाहेर फक्त गोषवारा, आणि तोही मधल्या कण्यातून. सिडकोने नवी मुंबई वसवताना तिचे चौदा नोड केले. प्रत्येकाचा बाजार, शाळा, सेक्टर ज्याचे त्याला ठाऊक. नेरूळच्या गल्लीतला खड्डा ऐरोलीला कळायची गरज नसते. यंत्रांच्या शास्त्रातही चौकीला नोडच म्हणतात, हे ऐकून आम्हां नव्या मुंबईकरांना जरा घरच्यासारखे वाटते.

आपल्या देशात या जाळ्याचा पहिला धागा मुंबईतच पडला. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने १९८६ साली पवईच्या आयआयटीशी टेलिफोनवरून यंत्रांच्या टपालाची देवघेव सुरू केली. दिल्लीचे इलेक्ट्रॉनिक्स खाते, बंगळूरचे विज्ञानमंदिर, पाच आयआयटी आणि हे केंद्र अशा आठ संस्थांचे अर्नेट नावाचे जाळे त्यातून वाढले. केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी यांना २०१४ साली इंटरनेटच्या जागतिक सन्मानपटात स्थान मिळाले. याच केंद्राने पुढे आमच्या खारघरला दुसरे आवार उभारले. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्यानंतरही देशातल्या पाकिटाला कधी कधी परदेशाची यात्रा घडे. शेजारच्या घरी जायला अमेरिकेचा वळसा! तो टाळण्यासाठी २००३ साली राष्ट्रीय विनिमयकेंद्र स्थापन झाले, आणि त्याच्या पहिल्या ठिकाणांत मुंबई होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. 'आपल्या दारचे सांगावे' ही रीत एका घरापुरती, म्हणजे एका संस्थेच्या जाळ्यापुरती चालते. दोन संस्थांच्या सीमेवर आजही ऐकीव शब्दच चालतो. तेथे आपल्या घराचा नकाशा कोण कोणाला दाखवतो? फक्त खबर कोणाकोणाच्या हातून आली ती नावे सोबत लिहिलेली असतात, म्हणजे आपलेच नाव दिसले की खबर नाकारता येते. माझ्या वाण्याच्या पोराने एवढे जरी केले असते! तरीही फसगत होते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातल्या टेलिफोन कंपनीने देशापुरते यूट्यूब बंद करताना 'यूट्यूबची वाट माझ्याकडून' अशी खबर चुकून बाहेर सोडली. शेजाऱ्यांनी ती खरी मानली, आणि सुमारे दोन तास जगातल्या फार मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासे झाले. विश्वासाची हद्द संपली की हार्वर्डची शून्ये पुन्हा उगवतात.

विद्यार्थी जायला निघाला. उंबऱ्यावर मी त्याला विचारले, "तर त्या रात्री मी काय करायला हवं होतं रे?" तो क्षणभर थांबला. "सर, तुमच्या दारात पाणी किती होतं?"

"घोट्यापर्यंत."

"मग तेवढंच सांगायचं होतंत. घोट्याइतकं पाणी आहे, अमुक वाजता पाहिलं, आणि हे मी पाहिलं."

त्या आजी आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाच्या घरी दिवाळीच्या करंज्या अजून सून लाटते. यंदा पाडव्याला मी तेथे जाणार आहे. त्या रात्रीच्या धरणाची बातमी कोठून निघाली होती, हे त्या घराला अजून ठाऊक नाही. ते माझ्या दारचे आहे. मीच सांगितले पाहिजे.